हातभर

अण्णांचं भिंग माझ्या डोळ्यावरही नीट बसतं.
चांदवडच्या एसटी स्टँडसमोर, पत्र्याच्या टपरीत,
त्यांनी त्यातून चाळीस वर्षं
घड्याळांच्या पोटात पाहिलं.
मी फळीतल्या घरांत पाहते:
एका दिवसाची अळी,
केसस्प्रिंगसारखी वळलेली,
पांढऱ्या थेंबावर तरंगत.

सुई पाठीखालून सरकवायची,
थेंबासकट उचलायची.
उलटली की गेली, एकाच बाजूने श्वास घेते ती.
मेणाच्या वाटीत ठेवेपर्यंत मीही श्वास घेत नाही.
उघड्या घड्याळावर शिंकायचं नाही, अण्णा म्हणायचे,
आणि हटकून स्वतःच शिंकायचे.

चोवीस उचलल्या. माशांनी सतरा पत्करल्या.
बाकीच्या का नाही, ते त्यांनी सांगितलं नाही.

दहाव्या दिवशी राणीघरं तयार,
भुईमुगाच्या शेंगांसारखी लोंबणारी.
पाच सुरगाण्याच्या काशिराम भोयेंना दिली.
उरलेल्या बारांना बारा छोट्या पेट्या,
बुटाच्या खोक्याएवढ्या,
प्रत्येकीत वाटीभर माशा.
पेट्या सारख्या दिसल्या तर राणी दार चुकते,
म्हणून बैलपोळ्याचा उरलेला शिंगांचा रंग काढला:
एकीवर हिंगूळ पट्टा, एकीवर निळा ठिपका,
एकीवर, हात थरथरला म्हणून, नुसताच ओघळ.

पुंजाराम गांगुर्डेच्या रानात डोंगळे फुललेले,
गुडघ्याच्या वर पांढरे गोंडे,
वाऱ्याला कांद्याचा वास आणि मधाचाही.
तारेवर वेडे राघू, ओळीने,
पंगतीला आधीच येऊन बसलेल्या पाहुण्यांसारखे.
मी घमेलं वाजवून त्यांना उठवते, ते पुन्हा बसतात.

दुपारी एकनंतर, ऊन खणखणीत असेल तर,
राणी दाराशी येते.
आधी पेटीकडे तोंड करून उडते,
दार, पट्टा, बाजूचा दगड, लिंबाची फांदी,
सगळं डोळ्यांत भरून घेते.
मग जाते.
खिंडीच्या वर कुठेतरी नरांचा घोळका असतो म्हणतात,
मी तो कधी पाहिला नाही.

आत्या विचारते, हिचं कुणी जुळवलं?
पत्रिका, मानपान, काहीच नाही?
नाही आत्या. सासरही नाही.
जाते त्या दाराने परत येते,
आणि ते सगळे नर
कुणाच्या तरी वावरात पडलेले असतात.
अगं बाई, म्हणते आत्या,
आणि बराच वेळ हसत राहते.

सातव्या पेटीवर ऊन चढलं होतं.
मी ती सरकवली, हातभर, लिंबाच्या सावलीत.
बरं केलं, असं वाटलंसुद्धा.

पावणेतीनला ती परतली.
जिथे दार होतं तिथेच आली.
तिथे नुसती हवा होती.
त्या हवेपाशी ती घिरट्या घालत राहिली,
माणूस खिशात किल्ली चाचपतो तशी.
मी पेटी उचलेपर्यंत
ती आठवीत शिरली.

आठवीच्या माशांनी तिच्याभोवती
सुपारीएवढा गोळा केला.
धूर दिला, बोटांनी सोडवला,
पण उशीर झाला होता.
शेपटीशी पांढरा दोरा तसाच,
म्हणजे तिचं काम झालेलं होतं.
चूक फक्त शेवटच्या हातभराची.

भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करून परत गेलं
तरी त्याच खिळ्याला टांगायचं, अण्णा सांगायचे.
गिऱ्हाईक म्हणायचं, एवढ्याने काय होतंय?
लंबक रुसतो, म्हणायचे अण्णा.
मला वाटायचं, गंमत करतायत.

दहा पेट्यांत अंडी दिसली, घरटी एक, उभी,
सुईच्या टोकाएवढी.
एका राणीला बहुधा राघूने नेलं.
सातवी रात्रभर घुमत होती,
कान लावला तर ऐकवत नव्हतं.

आता तिच्या जुन्या जागी चार विटा मांडल्यात,
वर पेटी, आत नवं राणीघर.
पुंजाराम सकाळी येऊन उभा राहतो:
ताई, ट्रॅक्टर वळवायचाय,
हातभर घ्या की तिकडं.

मी पेटीला टेकून खाली बसते.
म्हणते, पंधरा दिवसांनी.
तो ट्रॅक्टर चालूच ठेवतो.
मीही उठत नाही.